दोडक्याला सुई कोणी टोचली?

श्रावणातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका ताईंनी संध्याकाळी बाजार उठायच्या वेळेला दोडक्यांचा वाटा आणला. त्या वेळी भाजी स्वस्त मिळते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. घरी येऊन पिशवी ओतली तर निम्मे दोडके वाकडे. त्यांच्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आणि प्रत्येक छिद्रावर वाळलेल्या डिंकाचा तपकिरी ठिपका. शेजारीण म्हणाली, "अगं, ही इंजेक्शन मारलेली भाजी. लवकर मोठी व्हावी म्हणून सुया टोचतात. खाऊ नको, फेकून दे." ताईंनी अख्खा वाटा घरामागच्या मोकळ्या जागेत फेकला. त्या रात्री मुलांच्या ताटात चटणी-भाकरीच पडली.

तीन आठवड्यांनी त्याच ताई आमच्याकडे आल्या. हातात एक कोवळा दुधी. त्यांनी पत्र्यावर चढवलेल्या वेलाचा. त्याच्यावरही तसेच छिद्र, तसाच ठिपका. "माझ्या दारच्या वेलाला कोण सुई टोचायला येणार?" त्यांनी विचारले. प्रश्न अगदी बरोबर होता. तोवर घरात त्यांच्या मुलाने झुरळांच्या औषधाचा पंप वेलावर मारायला काढला होता.

आम्ही वर्तमानपत्र अंथरले आणि दुधी उभा चिरला. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. त्यातली एक कागदावर पडली, तिने अंगाची कमान केली आणि टुणकन वीतभर लांब उडी मारली. ताई दचकल्या. पण त्या उडीनेच उत्तर दिले होते. सुई कोणी टोचली नव्हती. हे काम फळमाशीचे होते.

या वेळच्या आरोग्य पानावर ही माशी ओळखायची कशी ते सांगत आहोत. आरोग्याच्या पानावर किडीचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. ही माशी ओळखता आली नाही तर आपण चांगली भाजी भीतीने फेकतो, नाहीतर घाबरून नको ते विष वेलावर मारतो. पहिल्याने पोट उपाशी राहते, दुसऱ्याने पोटात विष जाते.

माशी कशी दिसते

वेलभाज्यांवरच्या या फळमाशीचे शास्त्रीय नाव झ्युगोडॅकस कुकर्बिटी. जुन्या पुस्तकांत ती बॅक्ट्रोसेरा कुकर्बिटी या नावाने सापडेल. कारली, दोडका (कुठे याला शिराळे म्हणतात), घोसाळी किंवा गिलकी, दुधी, पडवळ, काकडी, लाल भोपळा, कलिंगड, खरबूज ही तिची आवडती फळे. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा तिचा जोर जास्त असतो. बंदोबस्त केला नाही तर तीस टक्क्यांपासून जवळजवळ सगळ्या फळांपर्यंत नुकसान होऊ शकते.

ही माशी घरातल्या माशीएवढीच, पण दिसायला वेगळी. घरातली माशी करडी-काळी असते. हिचा रंग तांबूस तपकिरी, लांबून बघितली तर लहान गांधीलमाशी वाटावी असा. तिच्या पाठीवर पिवळे पट्टे असतात. दोन बाजूंना दोन आणि मधोमध एक, असे तीन. हा मधला पट्टा लक्षात ठेवा. आंबा-पेरूवर येणाऱ्या फळमाशीच्या पाठीवर असा मधला पट्टा नसतो. पंख पारदर्शक असतात, पण त्यांच्या वरच्या कडेला तपकिरी पट्टी आणि टोकाला गडद डाग असतो. मादीच्या पोटाच्या शेवटी टोकदार नळी असते. आपली ती "सुई" म्हणजे ही नळी.

दिवसा उन्हाच्या वेळी ती पानाखाली किंवा आजूबाजूच्या झुडपांच्या सावलीत बसलेली असते. अंडी घालायला ती बहुधा उन्हे कलल्यावर वेलाकडे येते. म्हणून दुपारी वेल तपासून "माशी कुठेच नाही" असे म्हणू नका. दिवेलागणीच्या आधी जा, कोवळी फळे बघा.

फळावरची खूण

मादी कोवळ्या फळाची साल त्या नळीने भेदते आणि सालीखाली अंडी घालते. अंडी पांढरी, लांबट, जेमतेम एक मिलिमीटरभर. भोक पडले की फळातून रस येतो आणि छिद्रावर वाळून डिंकासारखा घट्ट होतो. हीच पहिली खूण. दोन-तीन दिवसांनी छिद्राभोवतीचा भाग दबतो, मऊ होतो. त्या बाजूची वाढ थांबते, दुसरी बाजू वाढत राहते, आणि फळ वाकडे होते. कारले हिरवे असायच्या वयातच पिवळे पडते. पुष्कळ फळे सडून गळतात.

कधी कधी कोवळे फळ पिवळे पडून गळते, पण त्यावर छिद्र नसते. असे फळ चिरून बघा. आत अळी नसेल आणि फळ नुसते सुकलेले असेल तर तो दोष माशीचा नाही. त्या फुलाला परागकण मिळाले नाहीत, म्हणून फळ धरले नाही. त्यावर उपाय सोपा. नर फूल तोडून त्याचा केसर मादी फुलात हलके फिरवायचा. ज्या फुलामागे इवलेसे फळ असते ते मादी फूल. कारली-काकडीची फुले सकाळी उमलतात, दुधी-दोडक्याची संध्याकाळी. वेळ त्याप्रमाणे धरा.

अळीची पारख

अंड्यातून एक-दोन दिवसांत अळी निघते. ती पांढुरकी असते, तिला पाय नसतात. डोक्याकडे निमुळती, मागे बोथट. पूर्ण वाढली की सुमारे एक सेंटिमीटर. गर खात ती आतल्या आत वाढते. वाढ झाली की फळातून बाहेर पडते, आणि त्या वेळी ती उड्या मारते. डोके आणि शेपूट जवळ आणून एकदम सुटते, म्हणून उडी बसते. वेलावर दिसणाऱ्या पाय असलेल्या हिरव्या अळ्या अशा उडत नाहीत.

उडी मारून ती जाते मातीकडे. काही सेंटिमीटर खोल शिरते आणि तिचा कोष होतो. कोष तपकिरी, पिंपासारखा, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा जाड. उबदार हवेत साधारण आठवडा-दीड आठवड्यात त्यातून नवी माशी बाहेर येते. अंड्यापासून माशीपर्यंतचा सगळा फेरा आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो.

आता ताईंचा वाटा आठवा. अळ्यांनी भरलेले दोडके त्यांनी घरामागच्या ओल्या मातीवर फेकले. तीन आठवड्यांनी वेलावर माशी आली. बाकीच्या माश्या कुठून आल्या ते कोण सांगणार, पण काही पिल्ले आपणच आपल्या अंगणात वाढवली असणार, हे ताईंच्या ध्यानात आले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मीच पेरलं."

गल्लत कोणाशी होते

टोपलीतल्या पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी इवलीशी चिलटे म्हणजे ही फळमाशी नव्हे. ती नासू लागलेल्या फळांवर येतात. वेलावरच्या कोवळ्या फळाला भोक पाडणे त्यांचे काम नाही.

पानांना भोके दिसली तर ते काम बहुधा तांबड्या भुंगेऱ्यांचे असते. फळमाशी पाने खात नाही. फुलांवर मधमाश्या दिसल्या तर त्यांना हाकलू नका. त्या आल्या नाहीत तर फळच धरणार नाही.

आणि इंजेक्शनची गोष्ट? छिद्राच्या जागी फळ चिरा. आत अंडी किंवा अळी दिसली, गर मऊ झालेला दिसला, की तिथे सुईचा संबंध संपला. ऐकून ठरवू नका, चिरून बघा.

अळी पोटात गेली तर?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त आयाबाया विचारतात. या अळीत विष नाही. ती चावत नाही. भाजीबरोबर शिजून एखादी पोटात गेली तर इतर अन्नासारखी पचून जाते. किळस येते हे खरे, पण किळस म्हणजे विषबाधा नव्हे. मुलाला रागावू नका, उलटी करवू नका.

काळजी करायची ती अळीची नाही, सडण्याची. माशीने पाडलेल्या भोकातून जंतू आणि बुरशी आत शिरतात. असे नासके फळ खाल्ले तर पोट बिघडू शकते. म्हणून घरी असा हिशेब ठेवा :

छिद्र आहे, पण चिरल्यावर गर घट्ट आहे, वास नाही, तर छिद्राभोवतीचा भाग बोटभर जास्त घेऊन कापून टाका. उरलेला भाग धुऊन, नीट शिजवून खा. गर पाणीदार, चिकट, तपकिरी झाला असेल किंवा आंबूस वास येत असेल तर ते फळ पूर्ण टाका. काकडी, कलिंगड यांसारखी कच्ची खायची फळे घेताना जास्त कडक राहा. तान्ह्या मुलांना, गरोदर बाईला, म्हाताऱ्यांना, आजाऱ्याला फक्त चांगला भाग द्या.

मिठाच्या पाण्यात भाजी भिजवली की अळ्या बाहेर येतात, असे काही जण सांगतात. पालेभाजीवरच्या अळ्यांना ते लागू पडेल. फळाच्या आत बसलेली अळी त्याने निघत नाही. दोडका, कारले अख्खे शिजवू नका. उभे चिरून, आत बघून मगच कापा.

एक धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. दुधी कडू असेल तर तो माशीमुळे कडू नसतो. त्या फळातच कडू द्रव्य जास्त झालेले असते आणि ते विषारी असते. शिजवूनही ते जात नाही. असा दुधी खाऊन किंवा त्याचा रस पिऊन जोराच्या उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी असे प्रकार झालेले आहेत, माणसे दगावलेलीही आहेत. म्हणून दुधी कापल्यावर बारीकसा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी टाका. महाग होता म्हणून ठेवू नका. अळी असलेल्या दुधीचा चांगला भाग खाता येतो, कडू दुधीचा एक घासही नाही.

पंप हातात घेण्याआधी

थोडा विचार करू या. अंडी सालीखाली, अळी फळाच्या आत, कोष मातीत. मग वरून मारलेले औषध लागणार कोणाला? त्यातल्या कोणालाही नाही. लागेल ते फळाच्या सालीला, मधमाश्यांना आणि फवारणाऱ्याच्या अंगाला. तेच फळ दोन दिवसांनी आपण तोडणार आणि त्याची भाजी मुलांना वाढणार.

झुरळ, ढेकूण, डास यांची औषधे खायच्या भाजीवर कधीही मारायची नसतात. शेतावरून कोणी "थोडं उरलंय" म्हणून बाटलीत ओतून दिलेले औषध तर घरातच आणू नका. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला आपल्या देशात बंदी आहे. पण बिनलेबलच्या बाटलीत काय आहे हे कोण सांगणार? कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वात विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाचता येत नसले तरी हा रंग ओळखता येतो. मुलांनाही शिकवा.

आपल्या वस्त्यांमधले कितीतरी जण फवारणीच्या मजुरीला जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. ते विष उघड्या शेतातले होते. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत, चुलीजवळ, पाण्याच्या हंड्याशेजारी तेच विष ठेवले तर काय होईल याचा विचार करा.

चुकून अंगावर सांडले तर कपडे लगेच काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. पोटात गेले तर घरी उलटी करवू नका. औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर घ्या आणि तडक सरकारी दवाखाना गाठा. बाटली पाहिल्यावर डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतो. रिकामी बाटली पाण्याला, तेलाला वापरू नका.

वेल कसा राखायचा

विषाशिवाय चार कामे करा.

पहिले काम, गोळा करणे. वाकडी, छिद्राची, गळलेली फळे रोज उचला. वेलाखाली एकही पडू देऊ नका. ती उकिरड्यावर, नाल्यात किंवा उघड्या मातीवर टाकू नका. जागा असेल तर दीड फूट खोल खड्ड्यात पुरा आणि माती दाबा. वरवर पुरली तर माशी माती फोडून बाहेर येते. जागा नसेल तर फळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा आणि आठवडाभर कडक उन्हात ठेवा. आतल्या उष्णतेने अळ्या मरतात. मग ती पिशवी बांधलेलीच कचरागाडीत द्या.

दुसरे काम, झाकणे. फूल गळून फळ अंगठ्याएवढे झाले की त्याला कापडी पिशवी चढवा. जुनी ओढणी, फाटलेली मच्छरदाणी, धोतराचा तुकडा, काहीही चालेल. दोन्ही बाजूंनी सैल बांधा, फळाला वाढायला जागा ठेवा. कागदाची पिशवी पावसात फाटते, म्हणून पावसाळ्यात कापडच बरे. माशीची नळी फळापर्यंत पोचली नाही की तिचे सगळे शहाणपण संपते. चार-सहा फळांच्या घरच्या वेलाला याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

तिसरे काम, माती हलवणे. वेलाखालची, डब्यातली, ड्रममधली वरची माती आठवड्याला खुरप्याने हलके खाली-वर करा. कोष उघडे पडतात. उन्हाने वाळतात, मुंग्या आणि कोंबड्या खातात. मुळांना धक्का लागू देऊ नका.

चौथे काम, सापळा. कृषी सेवा केंद्रात फळमाशीचा गंध-सापळा मिळतो. मागताना नीट सांगा, "वेलभाज्यांच्या फळमाशीचा, क्यू-ल्युरचा." आंब्याच्या माशीसाठी मिथाइल युजेनॉलचा सापळा असतो. कोकणात आंब्याच्या बागांत "रक्षक सापळा" म्हणतात तो त्या जातीचा. तो वेलावर टांगून ही माशी येणार नाही. सापळा वेलाच्या उंचीवर, सावलीत, मुलांचा हात पोचणार नाही असा टांगा. त्यातल्या गोळीला किंवा तुकड्याला हात लावल्यास हात साबणाने धुवा. एक गोष्ट लक्षात असू द्या. या वासाला फक्त नर भुलतात. सापळा भरला म्हणून माद्या संपल्या असे नाही. म्हणून पहिली तीन कामे सोडू नका. सापळ्याचा दुसरा उपयोग ओळखीसाठी. त्यात पडलेली माशी काढून पाठ बघा. तीन पिवळे पट्टे दिसले की खात्री झाली.

एका दाराने भागत नाही

माशीला भिंत नसते. आपण वेल राखला आणि शेजारच्या दारात गळलेली कारली सडत पडली, तर पंधरा दिवसांत माशी पुन्हा आपल्या दारात. म्हणून हे काम गल्लीने मिळून करायचे.

सगळ्यांनी मिळून केले तर काय होते याचे एक उदाहरण जपानचे आहे. तिथल्या ओकिनावा बेटांवर हीच माशी पसरली होती. तिथली कारली, काकडी बाहेर पाठवायला बंदी होती. १९७२ पासून तिथे ही माशी हटवण्याचे काम सुरू झाले आणि त्यात वांझ केलेल्या माश्या प्रचंड संख्येने सोडल्या गेल्या. रानातल्या माद्या त्या वांझ नरांशी जुळल्या की त्यांच्या अंड्यांतून काही निघत नसे. एकेक बेट करत १९९३ साली त्या बेटांवरून माशी पूर्ण हटली. आपण गल्लीत तसले काही करू शकत नाही. पण एक धडा घेता येतो. त्यांनी एखादे शेत साफ केले नाही, अख्खे बेट साफ केले.

आपले बेट म्हणजे आपली गल्ली. आमच्याकडे त्या ताईंनी आणि शेजारणींनी साधा नियम केला. संध्याकाळी पाणी भरून झाले की प्रत्येकीने आपल्या वेलाखाली एक नजर टाकायची. गळलेली फळे एकाच पिशवीत जमवायची. पिशवी उन्हात ठेवायची पाळी आठवड्याला एकीची. इंजेक्शनची गोष्ट सांगणारी शेजारीण आता या कामात सगळ्यांच्या पुढे आहे. पोरांनी तर खेळच केला आहे, उडी मारणारी अळी कोणाला आधी सापडते ते बघायचा.

भाद्रपद संपता संपता ताईंच्या वेलावर ओढणीत बांधलेले तीन दुधी सरळ वाढले. त्यातला एक त्यांनी आम्हाला दिला. आम्ही तो चिरला, आत बघितले, तुकडा जिभेला लावला. पांढरा, घट्ट, गोड. मग चण्याची डाळ घालून भाजी केली.

तुमच्या घरी पुढच्या वेळी वाकडा दोडका आला तर तो फेकू नका आणि तसाच शिजवूही नका. कागद अंथरा, उभा चिरा, मुलांना जवळ बोलवा आणि काय आहे ते सगळे मिळून बघा.